विश्लेषण : ‘हा गेम फक्त आमच्याच दुकानात’… पीसी गेमिंगच्या स्पर्धेत फायदा कोणाचा?

संगणकावर गेम खेळणाऱ्यांना २०१८ सालापर्यंत नवा गेम कुठे मिळेल, असा प्रश्न सहसा पडत नसे. बहुतेक गेम ‘स्टीम’ या एकाच ऑनलाइन दुकानात मिळत. डिसेंबर २०१८ मध्ये ‘एपिक गेम्स स्टोअर’ सुरू झाले आणि काही बहुचर्चित गेम सहा महिने किंवा वर्षभर केवळ तिथेच विकले जाऊ लागले. त्यासाठी एपिकने कोट्यवधी डॉलर मोजले. गेमर संतापले, बहिष्काराची भाषा झाली. एवढे होऊनही ‘स्टीम’चे वर्चस्व हलले नाही. मग या पैशांनी नेमके काय साधले? गेम बनवणाऱ्यांच्या आणि खेळणाऱ्यांच्या पदरात काय पडले?

‘स्टीम’ एवढे मोठे कसे झाले?

‘स्टीम’ची मालक असलेली ‘व्हॉल्व्ह’ ही अमेरिकी कंपनी गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये स्थापन केली. ‘हाफ-लाइफ’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ हे तिचे गाजलेले गेम. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या ऑनलाइन गेममध्ये प्रत्येकाकडे ताजी आवृत्ती पोहोचवणे ही त्या काळी मोठी डोकेदुखी होती. त्यावर उपाय म्हणून १२ सप्टेंबर २००३ रोजी ‘स्टीम’ सुरू झाले.

त्याला खरी गती मिळाली ती नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ २’मुळे. दुकानातून सीडीचा खोका विकत आणला तरी ‘स्टीम’वर खाते उघडल्याशिवाय हा गेम सुरूच होत नसे. त्या वेळीही गेमर चिडले होते. इंटरनेट संथ, सर्व्हरवर ताण आणि पैसे मोजूनही परवानगीची वाट पाहायची, अशी तक्रार होती. म्हणजे एका गेमच्या जोरावर लोकांना आपल्या दुकानात आणण्याची युक्ती एपिकच्या चौदा वर्षे आधी व्हॉल्व्हनेच वापरली होती. फरक एवढाच, की तो गेम व्हॉल्व्हचा स्वतःचा होता.

२००५ पासून ‘स्टीम’वर इतर कंपन्यांचे गेम विकले जाऊ लागले. पुढे मित्रांची यादी, गेममधील प्रगती ऑनलाइन साठवण्याची सोय, खेळणाऱ्यांची परीक्षणे, मोठ्या सवलतींचे ‘सेल’ अशा गोष्टी जोडल्या गेल्या. २०१५ मध्ये पैसे परत देण्याचे धोरण आले. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येऊ लागला. २०२५ मध्ये ‘स्टीम’वर एकाच वेळी हजर असलेल्या वापरकर्त्यांच्या संख्येने चार कोटींचा टप्पा ओलांडला.

३० टक्क्यांचा मुद्दा काय आहे?

‘स्टीम’वर गेम विकला गेला, की किमतीतील ३० टक्के वाटा व्हॉल्व्ह घेते. उरलेले ७० टक्के गेम बनवणाऱ्या स्टुडिओला किंवा प्रकाशक कंपनीला मिळतात. खोका, सीडी, वाहतूक, दुकानदार या सगळ्यांचा खर्च असलेल्या काळात हा सौदा उत्तम वाटत असे. मात्र दुकान पूर्ण डिजिटल झाल्यावर आणि बहुतेक गेमर एकाच ठिकाणी जमल्यावर, एवढा वाटा कशासाठी, असे विचारले जाऊ लागले.

व्हॉल्व्हच्या बाजूनेही मुद्दे आहेत. डाउनलोडचा भार, पैसे भरण्याची व्यवस्था, फसवणुकीपासून संरक्षण, अपडेट, चर्चामंच, परतावे हे सगळे ‘स्टीम’ सांभाळते. शिवाय स्टुडिओला ‘स्टीम की’, म्हणजे गेम सुरू करणारे कोड, मोफत घेऊन इतरत्र विकता येतात आणि त्या विक्रीवर व्हॉल्व्ह कमिशन घेत नाही. तरीही तीन-चार जणांच्या स्टुडिओसाठी ३० टक्के म्हणजे अनेकदा पुढच्या गेमचे भांडवलच असते.

३० नोव्हेंबर २०१८ च्या सुमारास व्हॉल्व्हने दर बदलले. एखाद्या गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली तर त्यापुढील रकमेवर २५ टक्के आणि पाच कोटी डॉलरच्या पुढे २० टक्के कमिशन लागू झाले. याचा लाभ अर्थातच मोठ्या कंपन्यांना. छोट्या स्टुडिओसाठी ३० टक्के कायम राहिले. त्यानंतर काही दिवसांतच एपिकने आपले दुकान जाहीर केले.

एपिक मैदानात का उतरली?

टिम स्वीनी यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेली ‘एपिक गेम्स’ ही कंपनी दोन गोष्टींसाठी ओळखली जाते. एक, ‘अनरिअल इंजिन’. जगभरातील स्टुडिओ गेम बनवण्यासाठी हे सॉफ्टवेअर वापरतात. दुसरी, २०१७ मध्ये आलेला ‘फोर्टनाइट’. हा गेम एपिकने ‘स्टीम’वर कधी आणलाच नाही. तो स्वतःच्या लाँचरमधूनच दिला आणि त्यामुळे कोट्यवधी लोकांच्या संगणकावर एपिकचे सॉफ्टवेअर आपोआप पोहोचले. चीनमधील ‘टेनसेंट’ने २०१२ मध्येच कंपनीत सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला होता. हाती पैसा होता, ग्राहक होते. उरले होते ते दुकान.

एपिकने कमिशन ठेवले १२ टक्के. हजार रुपयांचा गेम विकला गेला, तर ‘स्टीम’वर स्टुडिओला करापूर्वी ७०० रुपये मिळतात, एपिकवर ८८० रुपये. ‘अनरिअल इंजिन’ वापरणाऱ्यांना आणखी एक आमिष होते. एरवी या इंजिनसाठी ठरावीक उत्पन्नानंतर पाच टक्के रॉयल्टी द्यावी लागते. एपिकच्या दुकानातील विक्रीवर ती माफ करण्यात आली. म्हणजे ही रॉयल्टी लागू असलेल्या स्टुडिओसाठी हिशेब ६५० रुपये विरुद्ध ८८० रुपये असा होतो.

पण कमिशन हा दुकानदार आणि पुरवठादार यांच्यातील विषय. ग्राहकाला त्याच्याशी देणेघेणे नसते. ज्याचे शंभर गेम, सगळे मित्र आणि दहा वर्षांचा इतिहास ‘स्टीम’वर आहे, तो नव्या दुकानात का जाईल? या प्रश्नावर एपिकचे उत्तर होते : त्याला हवा असलेला गेम दुसरीकडे मिळणारच नाही, अशी व्यवस्था करायची. रुजलेले ७०-३० चे गणित मोठ्या प्रमाणावर बदलायचे तर ‘एक्सक्लुझिव्ह’शिवाय दुसरा मार्ग नाही, अशी भूमिका स्वीनी यांनी २०१९ मध्ये उघडपणे मांडली.

‘एक्सक्लुझिव्ह’ करार नेमका कसा असतो?

या करारांचा गाभा म्हणजे किमान विक्रीची हमी. समजा, प्रकाशकाला ‘स्टीम’सह सर्वत्र गेम विकून पहिल्या वर्षात अमुक इतकी रक्कम मिळेल, असा अंदाज आहे. ती रक्कम एपिक आधीच देऊ करते. विक्री कमी झाली तर तोटा एपिकचा. विक्री जास्त झाली, तर आगाऊ रक्कम वसूल झाल्यानंतर स्टुडिओला नेहमीप्रमाणे ८८ टक्के मिळू लागतात. बदल्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत पीसीसाठीचा गेम इतर दुकानांत विकायचा नाही. बहुतेकदा ही मुदत सहा महिने ते एक वर्ष असते. गेम चालेल की पडेल, हे कोणालाच सांगता येत नाही, अशा या धंद्यात ही हमी विम्यासारखी काम करते.

अशा करारांचे आकडे सहसा गुप्त राहतात. मात्र काही बाहेर आले. फिनलंडच्या ‘रेमेडी’ स्टुडिओचा ‘कंट्रोल’ हा गेम ऑगस्ट २०१९ मध्ये पीसीवर केवळ एपिककडे आला. त्यासाठी सुमारे ९४ लाख ९० हजार युरो मिळाल्याचे प्रकाशकाच्या इटलीतील पालक कंपनीच्या आर्थिक अहवालातून समजले. ‘बॉर्डरलँड्स ३’ या गेमच्या सहा महिन्यांच्या हक्कांसाठी आणि संबंधित बाबींसाठी एपिकने दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेची बांधिलकी स्वीकारली होती, हे २०२१ मधील ‘एपिक विरुद्ध अ‍ॅपल’ खटल्यात उघड झाले. केवळ २०२० या वर्षासाठी एपिकने विविध गेमना मिळून सुमारे ४४ कोटी ४० लाख डॉलरच्या किमान हमी दिल्या होत्या, असेही अ‍ॅपलने या खटल्यात न्यायालयापुढे मांडले.

‘मेट्रो एक्झोडस’वरून वाद का पेटला?

‘मेट्रो एक्झोडस’ हा गेम १५ फेब्रुवारी २०१९ रोजी येणार होता. अनेक महिने ‘स्टीम’वर त्याची आगाऊ नोंदणी सुरू होती. जेमतेम अडीच आठवडे उरले असताना जाहीर झाले, की पीसीवर हा गेम वर्षभर केवळ एपिकवर मिळेल. ज्यांनी आधीच ‘स्टीम’वर पैसे भरले होते, त्यांना तो तिथे मिळाला. बाकीच्यांसाठी दार बंद झाले. व्हॉल्व्हने गेमच्या पानावरच सूचना लावून हा निर्णय ‘स्टीम’च्या ग्राहकांवर अन्याय करणारा असल्याचे म्हटले. एरवी मौन पाळणाऱ्या कंपनीची ही कृती सूचक होती.

यात एक बाब दुर्लक्षित राहिली. अमेरिकेत या गेमची किंमत ‘स्टीम’वर ६० डॉलर होती, एपिकवर ती ५० डॉलर ठेवण्यात आली. कमी कमिशनचा थोडा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण. पण ते अपवादच ठरले. त्यानंतरचे बहुतेक मोठे गेम एपिकवरही नेहमीच्याच किमतीला आले. वाचलेले कमिशन प्रकाशकांच्या खिशात राहिले.

गेमरांचा राग नेमका कशावर होता?

वरवर पाहता दुसरे लाँचर फुकट उतरवून घेणे, एवढाच त्रास. मात्र रागाची कारणे त्याहून खोल होती. सुरुवातीच्या एपिक स्टोअरमध्ये ग्राहकांची परीक्षणे नव्हती, प्रगती ऑनलाइन साठवण्याची सोय नव्हती. एकाच वेळी अनेक गेम खरेदी करण्यासाठी लागणारी साधी ‘शॉपिंग कार्ट’ यायला डिसेंबर २०२१ उजाडले. चांगले दुकान उभारून ग्राहक जिंकण्याऐवजी माल अडवून ग्राहक खेचले जात आहेत, अशी भावना त्यातून पक्की झाली.

दुसरे कारण दिलेल्या शब्दाचे. ‘शेनम्यू ३’ या गेमसाठी चाहत्यांनी २०१५ मध्ये ‘किकस्टार्टर’वर ६३ लाखांहून अधिक डॉलर वर्गणी दिली होती. पीसीवरील देणगीदारांना ‘स्टीम’ची आवृत्ती मिळेल, असा समज होता. जून २०१९ मध्ये गेम एपिकवर जाणार असल्याचे जाहीर झाले तेव्हा फसवणुकीची भावना पसरली. अखेर नाराज देणगीदारांना पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. ‘फिनिक्स पॉइंट’ या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या गेमबाबतही असेच घडले.

या रागाला विकृत वळणही लागले. ‘बॉर्डरलँड्स ३’ची घोषणा होताच मालिकेतील जुन्या गेमवर ‘स्टीम’वर एकगठ्ठा नकारात्मक परीक्षणे टाकली गेली. व्हॉल्व्हला ती ‘विषयाशी संबंध नसलेली’ ठरवून गुणांकनातून वगळावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘ऊब्लेट्स’ या छोट्या, गोंडस गेमच्या दोघा निर्मात्यांनी एपिकशी करार केल्याचे हलक्याफुलक्या शब्दांत जाहीर केले. त्यांच्यावर शिवीगाळ आणि धमक्यांच्या हजारो संदेशांचा मारा झाला. निर्णय एका बलाढ्य कंपनीचा, पण झळ सोसली दोन माणसांच्या स्टुडिओने.

मग बनवणाऱ्यांना काय मिळाले?

काहींना बरेच काही. ‘हेडीस’ हा गेम डिसेंबर २०१८ मध्ये अपूर्ण अवस्थेतच एपिकवर विक्रीला आला. वर्षभर तिथल्या खेळाडूंच्या प्रतिसादावर तो घडत गेला. डिसेंबर २०१९ मध्ये तो ‘स्टीम’वर पोहोचला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाल्यावर प्रचंड गाजला. सुरुवातीच्या काळातील आर्थिक स्थैर्य आणि नंतर ‘स्टीम’ची मोठी बाजारपेठ असे दोन्ही लाभ त्याला मिळाले. इथे मुदतबद्ध करार स्टुडिओच्या पथ्यावर पडला.

‘अ‍ॅलन वेक २’ची गोष्ट वेगळी. ‘रेमेडी’च्या या खर्चीक गेमला एपिकने प्रकाशक म्हणूनच पैसा पुरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आला, समीक्षकांनी डोक्यावर घेतले, पुरस्कार मिळाले. पीसीवर मात्र तो ‘स्टीम’वर आला नाही. निर्मिती आणि प्रसिद्धीचा खर्च वसूल होऊन ‘रेमेडी’ला रॉयल्टी मिळू लागण्यासाठी २०२४ अखेरपर्यंत वाट पाहावी लागली. सर्वांत मोठ्या दुकानात नसण्याची किंमत काय असते, ते यातून दिसते. पण एपिकचा पैसा नसता तर हा गेम या रूपात बनला असता का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

असेच गणित महाराष्ट्रातील एका गेमच्या वाटचालीतही दिसते. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’च्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’साठी २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’वर वर्गणीचा प्रयत्न झाला होता, तो अपयशी ठरला. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम मुदतबद्ध ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणून आधी ‘निन्टेन्डो स्विच’वर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी व इतर कन्सोलवर. मोठ्या कंपनीने आपल्या मंचावरून जगापुढे ठेवणे हे अनोळखी स्टुडिओसाठी जाहिरातीच्या मोठ्या खर्चाइतके मोलाचे असते.

फुकट गेमचा हिशेब काय?

एपिकचे दुसरे शस्त्र म्हणजे मोफत गेम. दुकान सुरू झाल्यापासून ठरावीक काळाने एक किंवा अधिक गेम काही दिवसांसाठी पूर्ण मोफत मिळतात. एकदा खात्यात घेतले की पुढेही राहतात. मे २०२० मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ मोफत मिळू लागला तेव्हा झालेल्या गर्दीत एपिकचे संकेतस्थळच कोलमडले.

हे दान नसते. स्टुडिओला एपिक ठोक रक्कम देते. न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांनुसार सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या ३८ मोफत गेमसाठी एपिकने सुमारे एक कोटी १६ लाख डॉलर दिले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती जोडली गेली. म्हणजे एका ग्राहकामागे अडीच डॉलरच्या आसपास खर्च. एकेका ‘एक्सक्लुझिव्ह’साठी मोजलेल्या रकमेपुढे हा सौदा फारच स्वस्त पडला.

आकडे काय सांगतात?

एपिकच्या वार्षिक अहवालांतील दोन आकडे बोलके आहेत. २०१९ मध्ये ग्राहकांनी या दुकानात ६८ कोटी डॉलर खर्च केले. त्यांपैकी इतर कंपन्यांच्या गेमवरील खर्च २५ कोटी १० लाख डॉलर होता. २०२४ मध्ये एकूण खर्च १०९ कोटी डॉलरवर गेला, पण इतरांच्या गेमवरील खर्च होता २५ कोटी ५० लाख डॉलर. पाच वर्षे, शेकडो मोफत गेम आणि कोट्यवधींच्या हमीनंतर हा आकडा जवळपास जिथल्या तिथे राहिला. वाढ झाली ती मुख्यतः ‘फोर्टनाइट’सारख्या एपिकच्या स्वतःच्या गेममधून. पीसीवरील वापरकर्त्यांची संख्या मात्र २९ कोटींच्या पुढे गेली होती. लोक आले, मोफत गेम घेतले आणि विकत घ्यायची वेळ आली की बहुतेक जण ‘स्टीम’वर परतले.

याचे कारण सवयीत आणि संग्रहात आहे. एका दुकानातील गेम दुसऱ्या दुकानात नेता येत नाहीत. त्यामुळे संग्रह जितका मोठा, तितके दुकान बदलणे अवघड. एखादा ‘एक्सक्लुझिव्ह’ ग्राहकाला एकदा आणू शकतो, त्याचा दहा वर्षांचा संग्रह आणि मित्रांची यादी आणू शकत नाही. शिवाय मुदत ठरलेली असल्याने थांबण्याचा पर्यायही असतो. सहा महिन्यांनी तोच गेम दुरुस्त होऊन, कधी स्वस्तात, ‘स्टीम’वर येणार असेल तर अनेक जण थांबतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये एपिकने सुमारे ८३० कर्मचाऱ्यांना, म्हणजे १६ टक्के मनुष्यबळाला कमी केले. कंपनी कमाईपेक्षा अधिक खर्च करत असल्याचे स्वीनी यांनी तेव्हा मान्य केले. त्याच वर्षी गुगलविरुद्धच्या खटल्यात, दुकान अद्याप नफ्यात नसल्याची साक्ष एपिकच्या अधिकाऱ्याने दिली. २०२४ मध्ये खुद्द स्वीनी यांनी कबुली दिली, की काही ‘एक्सक्लुझिव्ह’ उत्तम चालले, पण अनेकांमधील गुंतवणूक फायद्याची ठरली नाही. मोफत गेमची योजना मात्र यशस्वी झाली.

इतरांचा अनुभवही हेच सांगतो. ‘ईए’ने २०११ च्या सुमारास आपले मोठे गेम ‘स्टीम’वरून काढून स्वतःच्या ‘ओरिजिन’वर नेले, २०१९ मध्ये ते परतले. २०१९ मध्ये एपिककडे वळलेली ‘युबिसॉफ्ट’ २०२२ अखेरीस पुन्हा ‘स्टीम’वर आली. ‘बेथेस्डा’ने तर आपले लाँचर २०२२ मध्ये बंदच केले.

मग कमिशन कमी झाले का?

काही ठिकाणी झाले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून विंडोज स्टोअरवरील पीसी गेमचे कमिशन ३० वरून १२ टक्के केले. एपिकने जून २०२५ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक गेमच्या वर्षातील पहिल्या दहा लाख डॉलर कमाईवर शून्य कमिशन आणि त्यापुढे १२ टक्के, अशी ही योजना आहे. इथे ‘फक्त आमच्याकडेच विका’ अशी अट नाही. अनेक छोट्या स्टुडिओंची वार्षिक कमाई या मर्यादेच्या आतच असते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा बदल महत्त्वाचा.

‘स्टीम’ मात्र बधलेले नाही. व्हॉल्व्हने सर्व स्टुडिओंना कायमस्वरूपी ८८ टक्के वाटा दिला, तर एपिक ‘एक्सक्लुझिव्ह’ करार थांबवेल, असे जाहीर आव्हान स्वीनी यांनी एप्रिल २०१९ मध्ये दिले होते. व्हॉल्व्हने ते स्वीकारले नाही.

हा प्रश्न आता न्यायालयांत आहे. ‘वुल्फायर गेम्स’ या छोट्या स्टुडिओने एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत व्हॉल्व्हविरुद्ध दावा दाखल केला. कमी कमिशन असलेल्या दुकानात गेम स्वस्त विकू पाहणाऱ्या स्टुडिओंवर व्हॉल्व्ह दबाव आणते, त्यामुळे किमतीच्या स्पर्धेलाच वाव राहत नाही, असा आरोप त्यात आहे. व्हॉल्व्हने तो फेटाळला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या दाव्याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. ब्रिटनमध्येही सुमारे १.४ कोटी गेमरांच्या वतीने ६५ कोटी ६० लाख पौंडांच्या भरपाईचा दावा २०२४ मध्ये दाखल झाला. हे आरोप सिद्ध झाले, तर ‘कमिशन कमी असूनही गेम स्वस्त का होत नाहीत’ या कोड्याचे निदान एक उत्तर मिळेल.

मोबाइलवर खेळणाऱ्यांचा याच्याशी संबंध काय?

थेट संबंध आहे. भारतात बहुतेक जण फोनवर गेम खेळतात आणि ३० टक्क्यांचा वाद तिथेही आहे. फरक असा, की विंडोज संगणकावर कोणीही नवे दुकान उघडू शकते. आयफोनवर अनेक वर्षे अ‍ॅपलखेरीज दुसऱ्या दुकानाला जागाच नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये एपिकने ‘फोर्टनाइट’मध्ये स्वतःची पैसे भरण्याची सोय सुरू करताच अ‍ॅपल आणि गुगल या दोघांनीही तो गेम आपल्या स्टोअरमधून हटवला. त्यातून पुढचे खटले उभे राहिले. भारतातही प्ले स्टोअरमधील पैसे भरण्याच्या सक्तीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, अपिलात नंतर ही रक्कम कमी झाली.

पीसीवर खेळणाऱ्या भारतीयांसाठी किमतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘स्टीम’ने नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपयांत किमती लावायला सुरुवात केली, त्याआधी डॉलरमध्ये पैसे मोजावे लागत. आता दोन्ही दुकानांत रुपयांत खरेदी होते. पण कोणत्या देशात किती किंमत ठेवायची, हे शेवटी प्रकाशक ठरवतो. गेम एकाच दुकानात असेल, तर तिथे लागेल ती किंमत मोजणे किंवा थांबणे एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. खर्चाचा विचार करून खेळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एपिकचे मोफत गेम हा या स्पर्धेचा सर्वांत ठोस लाभ आहे.

यापुढे काय?

मोठ्या रकमा मोजून इतरांचे गेम अडवण्याचा काळ ओसरल्यासारखा दिसतो. एपिकने २०२३ मध्ये आणलेली योजना याची निदर्शक आहे. तीत आगाऊ रकमेऐवजी, सहा महिने फक्त एपिकवर गेम ठेवणाऱ्या स्टुडिओला त्या काळातील १०० टक्के उत्पन्न देऊ करण्यात आले. जोखीम एपिककडून पुन्हा स्टुडिओकडे सरकली. विमा गेला, सवलत राहिली.

या सगळ्यात ग्राहकाच्या दृष्टीने एक प्रश्न मागे पडला. दुकान कोणतेही असो, विकत घेतलेला गेम खरोखर आपला असतो का? कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२४ पासून ‘स्टीम’ खरेदीच्या वेळीच सांगू लागले, की पैसे भरून मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना. एपिकवरही स्थिती वेगळी नाही. पोलंडमधून सुरू झालेले ‘जीओजी’ हे दुकान २००८ पासून कुलूप नसलेल्या प्रती विकते. डाउनलोड करून जपून ठेवलेली ती फाइल दुकान बंद पडले तरी चालते. त्याचा वाटा लहान आहे.

संग्रह एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेण्याची मुभा मिळत नाही, तोपर्यंत ‘स्टीम’ची पकड सैल होणे कठीण आहे. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा भारतातील दूरसंचार कंपन्यांना ग्राहक टिकवण्यासाठी धडपडावे लागले. गेमच्या दुकानांवर तशी वेळ अजून आलेली नाही.